भट्टीकडे उतरणारी वाट

(केरी, सत्तरी, गोवा. मार्चमधली सकाळ, साडेसहाचा सुमार. अंजुणे धरणाचं पाणी. काठावरच्या झाडाला टेकवलेली सायकल.)

साखळीहून केरीला आलं की चोर्ला घाट समोर उभा राहतो. सुट्टीच्या दिवशी घाट चढणारे सायकलवाले इथे आता कुणाला नवे नाहीत. दमून वर जायचं, चहा मारायचा, डांबरावरून सुसाट खाली यायचं. आपण आज घाट चढणार नाही. आपल्याला पायथ्याची माती हवी आहे. काजूची बागायत, जांभ्याचा सडा, मधूनच एखादा ओहोळ, आणि या सगळ्यांतून जाणारी हातभर रुंदीची वाट.

पहिल्यांदा मी अशी वाट मोबाइलवर शोधली. उपग्रहाच्या चित्रात एक तांबडी रेघ दिसली, झकास नागमोडी. दोन किलोमीटर मजेत गेलो आणि पुढचं चाक थांबलं ते चिरेखाणीच्या काठावर. चिरे कापून नेल्यावर उरते तशी सरळसोट भिंत, दोन पुरुष खोल, तळाला हिरवं पाणी. नकाशाची काही चूक नव्हती. रेघ ट्रकांची होती, आणि ट्रकांचं काम तिथे संपलं होतं.

तेव्हापासून नवी वाट दिसली की आधी विचारतो, ही पाडली कुणी?

(उतारावरची वाट, जमिनीलगतच्या कॅमेऱ्यातून.)

काही वाटा पाण्याने पाडलेल्या असतात. त्या सरळ खाली धावतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. यंदा सायकलला गंमत वाटलेली घळ दोन पावसाळ्यांनी गुडघाभर खोल झालेली असते. आमच्यातले काहीजण हौसेने अशा घळींतून उतरतात. मला पटत नाही. प्रत्येक ब्रेकबरोबर आपण पाण्याला आणखी थोडी माती मोकळी करून देतो.

आणि काही वाटा माणसाच्या. त्यातही डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाच्या. असा माणूस सरळ उतरत नाही. तो डोंगर तिरका कापतो, मोठ्या खडकाला वळसा घालतो, ओहोळ उथळ असेल तिथेच पलीकडे जातो. सायकलसाठी वाटा बांधणारे एक ठोकताळा सांगतात: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत असलेला बरा. मग पाणी वाटेवरून धावत नाही, वाट ओलांडून निघून जातं. काजूचे डबे वाहणाऱ्यांनी हे कुठे वाचलेलं नाही. त्यांच्या मानेने ते ठरवलं आहे.

डोंगरवाटांवरच्या सायकलिंगचा हा खेळ तरी कुठे स्वतःच्या वाटा घेऊन जन्माला आला? १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या जड सायकली घेऊन वणवे विझवायला आखलेल्या रस्त्यांवरून खाली सुटायची. उतारावर ब्रेकमधलं ग्रीस जळायचं, प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. १९७६ला सुरू झालेल्या तिथल्या शर्यतीचं नावच त्यावरून 'रीपॅक' पडलं.

(काजूची बाग. झाडाखाली पडलेले लाल-पिवळे बोंडू, म्हणजे काजूची फळं.)

सत्तरीतली वाट मात्र बारा महिने एकसारखी नसते. ऑक्टोबरात गवत हँडलला लागतं आणि जांभ्यावर शेवाळ असतं. तो खडक वरून कोरडा दिसतो, त्याच्या भोकाभोकांत पाणी असतं. माझ्या डाव्या कोपरावरची खूण तिथली. काजूचा हंगाम धरायच्या आधी बागायतदार झाडांखालची झुडपं कापून घेतात. तेव्हा वाट उघडी पडते, माती अजून घट्ट असते. डिसेंबर, जानेवारी हे आमचे महिने. पुढे मार्चपासून मातीचा भुगा होतो, जांभ्याचे बारीक खडे चाकाखाली मण्यांसारखे घरंगळतात, आणि त्यांच्यावर काजूच्या सुक्या पानांची चादर. टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि वळणावर पुढचा ब्रेक विसरायचा.

आणि त्या महिन्यांत वाट आपली नसतेच. खाली पडलेला बोंडू म्हणजे कुणाची तरी मजुरी. बोंडू वेचणारी बाई सकाळीच येते, हातात काठी, काठीच्या टोकाला खिळा. वाकायचं नाही, टोचायचं आणि डब्यात टाकायचं. ती दिसली की उतरून सायकल हाताने न्यायची.

हंगामाचं दुसरं भय गोचिडीचं. २०१५पासून सत्तरीत गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले, आणि गोचिडीही नेमक्या याच कोरड्या महिन्यांत जोरात असतात. लांब पँट, लांब मोजे, घरी गेल्यावर आधी अंघोळ. वाटेत माकड मेलेलं दिसलं तर फोटो काढत बसू नका, माघारी फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

गवाही बोंडू खायला उतरतो. सायकलला आवाज नाही, त्यामुळे आपण वळण घेतो आणि थेट त्याच्यासमोर. इतक्या महागड्या सायकलला मी दीडशे रुपयांची घंटी बसवली आहे, मित्र हसतात. हसू देत.

अभयारण्याची हद्द मात्र आधी नकाशावर पाहून घ्या. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. सत्तरीचा मोठा भाग त्यातच येतो. आत वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालायचं नाही. देवराईत तर परवानगी मागायला खातंही नाही, तिथे राखणदार देव आहे. आमच्या बाजूचे लोक बाहेरूनच हात जोडतात आणि वळसा घेतात. मीही घेतो.

(वाटेचा फाटा. डावीकडची वाट रुंद, उजवीकडची पानांत बुडालेली.)

आजचा फाटा माझ्या नकाशात नाही. बागेत एक मावशी बोंडू टोचते आहे.

"मावशे, ही वाट खंय वता?"

ती काठीनेच उजवी वाट दाखवते. "ती भट्टीर वता. सायकलीन खंय वतलो रे तूं?"

उजवी, म्हणजे फेणीच्या भट्टीकडे उतरणारी ओझ्याची वाट. तिरकी, वळशाची, पाय ठेवून ठेवून घट्ट झालेली. खालून आंबूस गोड वास येतोय, कोळंबीत, म्हणजे मळणीच्या कुंडात, बोंडू मळायला घेतले असावेत. मी हेल्मेट घालतो. मावशी डबा उचलून सायकलजवळ येते, मागच्या चाकाच्या वर काहीतरी शोधते.

"कॅरियर ना?"

"ना."

"मागीर कसली ती सायकल!"

डबा डोक्यावर घेऊन ती माझ्यापुढे उतरायला लागते. मी तिच्यामागून, सायकल हातात धरून.