रेघेखालची दाढ

हे खालच्या जबड्याचं हाड. आतल्या बाजूने बोट फिरवलं, की एक तिरपी रेघ हाताला लागते. तोंडाचा तळ पेलणारा पातळ स्नायू या रेघेला धरून असतो. पुढच्या दातांची मुळं रेघेच्या वरच संपतात. दुसरी मोठी दाढ आणि अक्कलदाढ यांची मुळं मात्र बहुधा रेघेच्या खाली उतरलेली. तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी गळ्याकडे वाट काढतो.

सुरुवात साधीच. दाढ किडते, रात्रभर ठणकते. लवंग दाबून धरायची, दुकानातून गोळी आणायची. मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, सुटलो! पण कित्येकदा थांबलेली असते ती दाढेची नस. मेलेली. जंतू मुळाच्या टोकापर्यंत खुशाल पोचतात.

1836 मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी पुढच्या अवस्थेचं वर्णन केलं. म्हणून नाव ‘लुडविग्ज अँजायना’. हृदयविकाराच्या छातीतल्या कळेलाही अँजायना म्हणतात, पण हृदयाशी याचा काही संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दच गळा आवळण्याचा.

हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज येते. दाबून पाहा, लाकडासारखी टणक. तोंडाचा तळ वर उचलला जातो, जीभ टाळूला टेकते, मागे सरकते. बोलणं पानाचा तोबरा भरल्यासारखं. लाळ गिळवत नाही, ओघळत राहते. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून रुग्ण पुढे वाकून बसतो. अशा माणसाला ‘जरा पड’ म्हणू नये. गाडी काढावी.

रुग्णालयात पहिला कस भूलतज्ज्ञांचा. तोंड धड उघडत नाही, झोपवावं तर श्वास अडकायची भीती. मग जागेपणीच, नाकातून, दुर्बिणीच्या आधाराने श्वासनलिकेत नळी घालतात. नाहीच जमलं, तर गळ्याला छेद. शिरेतून प्रतिजैविकं सुरू होतात, हनुवटीखाली चिरे घेतात. गंमत म्हणजे, एवढी सूज असूनही पू अनेकदा थोडाच निघतो. पाण्यासारखा स्राव मात्र झिरपत राहतो. मधुमेह असेल तर सगळंच अवघड. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

त्याच टेबलावर ती दाढही निघते. ट्रेमध्ये टण्णकन पडते. हरभऱ्याहून थोडी मोठी, मधोमध काळं भोक.