'वेस्टवर्ल्ड'वरून माझं मन कुठे उडालं?

ऑक्टोबर २०१६. 'वेस्टवर्ल्ड'चा पहिला भाग. डोलोरेस नावाची मुलगी खुर्चीत बसलीय. चेहऱ्यावर माशी फिरतेय, अगदी उघड्या डोळ्यावर चढते, तरी तिची पापणी हलत नाही. कारण ती यंत्र आहे. कुठल्याही जिवाला इजा करायची नाही, हे तिच्यात भरून ठेवलंय. आणि भाग संपता संपता हीच डोलोरेस मानेवर बसलेली माशी फटकन मारते.

मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या त्या रात्री!

नमस्कार मंडळी. इतकी जीव लावून बघितलेली मालिका माझ्या हातून कशी सुटली, ते आज सांगणार आहे. स्पॉयलर आहेत, पुष्कळ आहेत.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ मायकल क्रायटनचा १९७३ चा सिनेमा, त्यावरून जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी एचबीओसाठी मालिका केली. श्रीमंतांसाठी काउबॉयच्या जगाचं एक पार्क. तिथली माणसं म्हणजे 'होस्ट', हुबेहूब माणसासारखी यंत्रं. पाहुणे त्यांना हवं तसं वागवतात, मारतात. रात्री त्यांची दुरुस्ती होते, आठवण पुसली जाते, सकाळी पुन्हा उभी.

आता बरेच जण म्हणतात, मालिका फार गुंतागुंतीची झाली म्हणून सोडली. मला हे पटत नाही. पहिला सीझन काय सरळ होता? पार्कमध्ये आलेला तरुण पाहुणा विल्यम आणि काळ्या कपड्यातला म्हातारा एकच माणूस, मध्ये तीस वर्षं गेलेली, आणि आपण दोघांना एकाच काळात समजत होतो. कितीतरी चाहत्यांनी हे आधीच ओळखलं होतं. तरीही शेवट मनाला लागला, कारण तो गुंता डोलोरेसचा होता. बघा, तुमची माझी आठवण झिजते, पुसट होते. म्हणून तर ती आठवण आहे हे कळतं. होस्टची आठवण पुसली तरी आत कुठेतरी राहते, आणि परत आली की जराही झिजलेली नसते. डोलोरेसला जुनं नुसतं आठवत नाही, ती पुन्हा तिथेच जाऊन उभी राहते. आपण आज आहोत की तीस वर्षांपूर्वी, हे तिलाच कळत नव्हतं, म्हणून आपल्यालाही कळत नव्हतं. तिच्या भीतीत आपण होतो.

मग सोळा महिने वाट बघून एप्रिल २०१८ मध्ये दुसरा सीझन आला. बर्नार्ड, म्हणजे होस्ट घडवणारा आणि स्वतःही होस्ट असलेला, समुद्रकिनाऱ्यावर जागा होतो, त्याच्याही आठवणींची सरमिसळ झालेली. शेवटी कळतं की ती त्यानं स्वतःच केली होती, कुणाला माग लागू नये म्हणून. कथेत हे बसतं. पण बघताना मी वही घेऊन बसायला लागले. हा प्रसंग आधीचा की नंतरचा, एवढंच लिहीत होते. बर्नार्डला काय होतंय, हे विचारायचंच माझं थांबलं. माझ्यापुरती मालिका तिथे सुटायला लागली.

तिसऱ्या भागाची सुरुवात आठवते? दुसरंच पार्क, इंग्रजांच्या काळातला हिंदुस्थान, सतारीवर 'सेव्हन नेशन आर्मी' हे रॉक गाणं. मी सावरून बसले. तिथला एक भारतीय होस्ट पाहुण्यावर बंदूक चालवतो. त्यानं किती साहेबांची किती वर्षं चाकरी केली असेल, त्याला काय काय आठवलं असेल? पण मालिका काही मिनिटांत तिथून निघाली. मला अजून त्याची हळहळ वाटते.

याच सीझनमधला आठवा भाग मात्र, 'किक्सुया', माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वांत सुंदर तास. बहुतेक संवाद लाकोटा भाषेत. झान मॅक्लार्ननचा अकेचेटा आपल्या हरवलेल्या बायकोला शोधत वर्षानुवर्षं हिंडतो, शेवटी तिच्यासाठी जाणूनबुजून मरण पत्करतो, आणि खालच्या थंड गोदामात ती त्याला सापडते, उभी, डोळे उघडे, आत कुणी नाही. ना कोडं, ना धक्का. एक माणूस आपली गोष्ट पहिल्यापासून सांगतो. म्हणजे मालिकेला हे जमत होतं!

तिसरा सीझन मार्च २०२० मध्ये आला. टाळेबंदी, घरात वेळच वेळ, तरी भाग आठवडाभर पडून राहायचे. तेव्हा मला कळलं की आपलं मन उडालंय. पहिल्या सीझनमध्ये टेडी, डोलोरेसवर प्रेम करणारा होस्ट, दर वेळी मरायचा आणि दर वेळी पोटात तुटायचं, कारण त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं, आपल्याला सगळं आठवत होतं. आता डोलोरेसनं स्वतःच्याच प्रती काढून वेगवेगळ्या शरीरांत घातल्या होत्या. गोळी लागली की मी आधी हाच हिशेब करायची, याची दुसरी प्रत कुठे असेल?

चौथा सीझन ऑगस्ट २०२२ ला संपला, नोव्हेंबरमध्ये मालिका बंद झाली. पाचवा सीझन निर्मात्यांच्या मनात होता, तो झालाच नाही. डिसेंबरमध्ये तर एचबीओनं स्वतःच्या स्ट्रीमिंगवरूनही ती काढून टाकली. ती बातमी वाचून मला फारसं काही वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

नव्यानं बघणार असाल तर पहिल्या सीझनचे दहा भाग सलग बघा, मग थेट 'किक्सुया' लावा. मधलं काही कळलं नाही तरी चालेल, अकेचेटा तुम्हाला सांभाळून नेईल. आणि ज्यांनी मध्येच सोडली, त्यांनी कुठल्या भागावर सोडली ते खाली लिहा. मी एकेक वाचणार आहे.