भोंग्याच्या बटणावर डेसिबल नसतात

(दृश्य: चाळीची गच्ची, पहाटेचा उजेड. पाण्याच्या टाकीला टेकवलेली शिडी.)

या शिडीच्या मधल्या दोन पायऱ्या तुटल्यात. मामांना त्याची सवय आहे. देवळात त्यांना मामा म्हणतात, मशिदीत चाचा, आणि चर्चच्या सणाला नुसतंच साउंडवाले. मुंबईच्या उपनगरातल्या या वस्तीत वर मान केली की जेवढे भोंगे दिसतात, त्यातले बहुतेक त्यांनीच चढवलेले. आज ते उतरवायला आलेत.

(गंजलेला बोल्ट, पाना, हात. इथे निवेदन नाही, मूळ आवाज राहू द्यावा.)

भोंगा खाली आला की कळतं, तो किती हलका असतो. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मागे एक गोल डबी. मामा तिला युनिट म्हणतात. आवाज तयार होतो तो युनिटमधल्या बांगडीएवढ्या पातळ पडद्यात. समोरचा पसरट कर्णा आवाज तयार करत नाही, तो त्याला बाहेर ढकलतो. मामांनी इथे बोट घातलंय ते पाहा. आवाज आधी मधल्या नळीतून पुढे येतो, मग उलटा फिरून मागे जातो, आणि पुन्हा वळून या रुंद तोंडातून सुटतो. लांबलचक कर्णा घडी घालून एवढ्याशा जागेत बसवलाय.

यातून खर्ज येत नाही. पखवाजाचा धुमा या यंत्रात हरवतो, तंबोऱ्याचा तर प्रश्नच नाही. येते ती मधली पट्टी, माणसाच्या बोलण्याची. दोन ते चार हजार हर्ट्झच्या ज्या टापूत आपला कान सर्वांत तिखट असतो, तिथेच भोंगाही जोरात चालतो. म्हणून तो रेल्वेच्या फलाटावर लागतो, निवडणुकीच्या रिक्षावर लागतो, नदीकाठी पुराचा इशारा द्यायला लागतो. गोंगाट कापून दूरच्या माणसापर्यंत शब्द पोचवणं हेच त्याचं काम. देवळावर आणि मशिदीवर तो चढला, कारण तो स्वस्त होता आणि पावसात टिकत होता. भक्तीशी त्याचा एवढाच संबंध.

(संग्रहातील छायाचित्रे: नगारखाना, मिनार, घंटा.)

त्याआधीही बोलावणं होतंच. नगारा वाजायचा, घंटा वाजायची, मुअज्जिन मिनारावर चढून उघड्या गळ्याने अजान द्यायचा. लाऊडस्पीकर नवा होता तेव्हा अनेक उलेमांनी, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांनी, त्याला विरोध केला होता, हे आज सांगितलं तर तरुण मुलांना खरं वाटत नाही. कीर्तनात वीणा, टाळ, मृदंग आणि बुवांचा गळा एवढीच सामग्री. मागच्याला ऐकू आलं नाही तर तो उठून पुढे येऊन बसायचा. मागच्याला जागेवरून उठावं लागू नये, म्हणून यंत्र आलं. मग ते मंडपाबाहेर आलं, शिखरावर गेलं, आणि जो मंडपात आलाच नाही त्यालाही ऐकवू लागलं.

(दृश्य: देवळामागची खोली. लोखंडी कपाट, त्यात ॲम्प्लिफायर.)

आता हे बटण. या फिल्ममध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ याच्यावर घालवलाय, आणि तो मुद्दाम घालवलाय.

कायद्यात आवाजाची मर्यादा म्हणून ५५ लिहिलंय, ४५ लिहिलंय, तेही डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाच्या जोराच्या मापात. बटणावर शून्य ते दहा. डेसिबल कुठेच नाही. संध्याकाळी हरिपाठाला येणारा हा मुलगा बटण सातवर ठेवतो, कारण त्याच्या आधीचा मुलगा सातवर ठेवायचा. पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीत खुणेचा टिपका नेलपॉलिशने केलाय, तोही कुणी केला ते आजच्या मुअज्जिनला माहीत नाही. दोघेही आज्ञाधारक आहेत. दोघांनाही आपण नियम मोडतोय असं वाटत नाही.

आणि सात म्हणजे सगळीकडे सारखं नव्हे. संध्याकाळी सातवर लावलेला हरिपाठ बस, रिक्षा आणि शिट्ट्यांच्या गर्दीत निम्मा बुडतो. तेच बटण पहाटे तसंच राहिलं तर रिकाम्या रस्त्यावरून आवाज थेट समोरच्या इमारतीत शिरतो. पडदा झिजला की आवाज चिरतो, शब्द कळेनासे होतात. मग काय करतात? बटण आणखी वाढवतात. मामा सांगतात, त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘आवाज कमी येतो’ हीच जास्त. खरं तर युनिट फाटलेलं असतं.

(ॲनिमेशन: गच्चीवरचा भोंगा, त्याभोवती वाढत जाणारी वर्तुळं.)

तीस वॉटचा भोंगा पूर्ण ताकदीवर लावला, तर तोंडासमोर एक मीटरवर आवाज १२० डेसिबलच्या घरात जातो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी. दोन मीटरवर ११४, चारवर १०८. रस्त्यापलीकडची खिडकी तीस मीटरवर धरली, तर तिथे अजून ९० उरलेत. १२० वरून ६५ वर उतरायला अर्ध्या किलोमीटरहून जास्त मोकळी जागा लागते. या वस्तीत अर्धा किलोमीटर मोकळी जागा कुठे आहे ते ड्रोनच्या चित्रात शोधून पाहा.

६५ का, तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये तसं आहे. राहत्या वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ ही आसपासच्या आवाजाची मर्यादा. लाऊडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा दहाने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दिवसा ६५. लेखी परवानगी हवीच. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्यावर लावायचाच नाही. काहींचं म्हणणं असतं, पाच मिनिटांची तर गोष्ट आहे. मर्यादा सरासरीने मोजतात हे खरं. पण एखाद्या खिडकीशी पाच मिनिटं ८५ डेसिबल पडले आणि उरलेली रात्र अगदी निःशब्द गेली, तरी त्या आठ तासांची सरासरी ६५ निघते, रात्रीच्या ४५ पेक्षा वीसने जास्त. डेसिबलचं गणित असंच निष्ठुर आहे.

गंमत म्हणजे याच नियमांच्या तळटिपेत एकेकाळी इस्पितळं, शाळा आणि न्यायालयांबरोबर धार्मिक स्थळांभोवतालचाही शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडत असे. देवाजवळ गोंगाट नको, असं सरकारलाही वाटलं होतं म्हणायचं.

(दृश्य: खिडकीतून. आवाज मोजणाऱ्या मीटरचा क्लोज-अप. मग दहावीतली मुलगी, कानात कापूस. पाळणा. पलंगावरचे आजोबा.)

झोपण्याच्या खोलीत सरासरी ३० डेसिबलहून जास्त आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना १९९९ पासून सांगतेय. झोप मोडते, रक्तदाब वाढतो. मीटरवरचा आकडा तुमच्यासमोर आहे.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

न्यायालयांनी गेल्या पंचवीस वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. सन २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कोणताही धर्म दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करायला सांगत नाही. २००५ मध्ये रात्री दहानंतरच्या बंदीवर त्याच न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल २०१६ चा. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर याच न्यायालयाने सांगितलं की लाऊडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा. आधी समज, मग दंड, तरी ऐकलं नाही तर साहित्य जप्त आणि परवाना रद्द. आणि एक सूचना: यंत्रातच आवाजाची कमाल मर्यादा बांधून टाकता येईल का, याचा विचार राज्य सरकारने करावा.

म्हणजे न्यायालय शेवटी बटणापाशीच आलं.

मशिदींवरच्या भोंग्यांवरून राजकारण पेटलं, तो २०२२ चा उन्हाळा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. कोणाच्या भोंग्यासमोर कोणाचा भोंगा, यातच तो संपला. त्या गदारोळात शिर्डीची काकड आरतीही भोंग्यावरून बंद झाली, कारण सकाळी सहाची वेळ सगळ्या देवांना सारखीच लागू होती. नांदेड जिल्ह्यातल्या बारड गावाने तर त्याच्या चार वर्षं आधीच ठराव करून देऊळ, मशीद, विहार असे सगळ्यांचेच भोंगे उतरवले होते. तिथे कुणाला घोषणा द्याव्या लागल्या नाहीत. २०२५ मध्ये मुंबईतून पोलिसांनी दीड हजारांहून जास्त भोंगे काढले. काही मशिदी आता अजान मोबाइलवरच्या ॲपमधून ऐकवतात. ज्याला हवी त्याच्या खिशात वाजते.

(दृश्य: सभामंडप. उंच काठीसारखे दोन कॉलम स्पीकर, भिंतीला लावताना.)

मामा काय बसवतायत ते बघण्यासारखं आहे. या उभ्या पेटीत लहान स्पीकरांची एक रांग आहे. आवाज आडवा पसरतो, वरखाली फारसा नाही. ती माणसाच्या कानाच्या उंचीवर लावायची आणि तोंड आतल्या बाजूला करायचं. चार बाजूंना चार भोंगे लागत होते, तिथे मंडपात दोन कॉलम पुरतात. आज पहिल्यांदाच यातून पखवाज पखवाजासारखा ऐकू येतोय, हे भजनी मंडळातल्या आजोबांच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

आता शेवटचं काम. मामांचा पुतण्या मीटर घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभा आहे, फोन कानाला लावून. आत मामा बटण फिरवतायत. तो म्हणतो कमी, मामा कमी करतात. तो पुन्हा म्हणतो कमी. हद्दीवर ६५ च्या खाली काटा आला, तेव्हा बटण कुठे होतं ते पाहून घ्या.

(क्लोज-अप: बटण तीनच्या जरा अलीकडे.)

इथे मामा लिमिटर लावतात, म्हणजे माईकमध्ये कितीही ओरडलं तरी आवाज याच्या वर चढत नाही. मग बटणाची टोपी काढून घेतात. उरतो नुसता दांडा, त्यावर झाकण आणि कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे. अशी जोडणी मशिदीनेही मागितली आहे, तिथे मामा पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.

देवळाच्या समितीने आज चारपैकी दोन भोंगे उतरवायला होकार दिला. उरलेले दोन सणासाठी राहू द्यावेत, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. वर्षातले १५ दिवस सरकार रात्री बारापर्यंतची सूट देऊ शकतं. ती वेळेपुरती असते, डेसिबलला लागू नाही, हे मामांनी त्यांना दोनदा समजावलं. त्या दोन भोंग्यांच्या वायरी त्यांनी सोडवून ठेवल्यात. त्यांचं काय करायचं, हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत आहे.