बाई, इट म्हणजे कोण?

ही वही नीट बघा. नववीतल्या एका मुलीची आहे. इंग्रजीचा धडा उतरवून घेतलाय आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात देवनागरी, 'द ओल्ड मॅन वॉज सिटिंग', असं शेवटपर्यंत. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हे खोडायला लावायचे. आता नाही लावत. पावसाळ्यात आमच्या कोकणात ओढ्यावर लाकडाचा साकव टाकतात ना, तसा या पोरीने स्वतःपुरता टाकलाय, तो मी का काढून घेऊ?

मी लालबाग-परळच्या पट्ट्यातल्या मराठी शाळेत आठवी ते दहावी इंग्रजी शिकवते. वर्गाच्या खिडकीतून एका गिरणीची चिमणी अजून दिसते, बाकी सगळे टॉवर. त्या टॉवरमधली मुलं आमच्याकडे येत नाहीत, तिथे गाड्या चालवणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्यांची येतात.

आमच्या वेळी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आठवीत माझ्यासमोर बसतं ते पोर सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं, आणि तरी उभं करून 'काल काय केलंस' एवढं इंग्रजीत विचारलं की मान खाली. हुशार नाहीत असं अजिबात नाही हो, त्यांनी इंग्रजी वाचलंय, लिहिलंय, गाइडमधून उतरवलंय, फक्त तोंडातून कधी बाहेर काढलेलं नाही. दहावीला 80 मार्कांचा लेखी पेपर आणि शाळेच्या हातात 20, मग सगळं घर कशाच्या मागे लागणार ते सांगायला नको.

जुलैमधली गोष्ट आहे. बाहेर धो धो पाऊस, अर्धा वर्ग भिजून आलेला. मी फळ्यावर लिहिलं, 'इट इज रेनिंग'. शेवटच्या बाकावरचा एक जण उठला, म्हणाला, "बाई, इट म्हणजे कोण?" वर्ग हसला, पण मला तो प्रश्न इतका आवडला की त्या दिवशीचा धडा मी बाजूलाच ठेवला. आपण म्हणतो पाऊस पडतोय, पाऊस स्वतःच पडतो, त्याला दुसरं कोणी लागत नाही. इंग्रजीत क्रियापदाच्या पुढे कोणीतरी उभं करावंच लागतं, कोणी नसेल तर हा 'इट' उभा करतात. मग पोरंच शोधायला लागली. मला भूक लागली, यात भूक येऊन मला लागते, इंग्रजीत मात्र 'आय ॲम हंग्री', मीच भुकेला. एक मुलगी म्हणाली, आपण सांगतो माझ्याकडून कप फुटला, इंग्रजीत 'आय ब्रोक द कप', म्हणजे सरळ मीच फोडला! 35 मिनिटांचा तास कधी संपला कळलं नाही, आणि त्या दिवशी जेवढी वाक्यं त्यांनी स्वतःहून बोलली तेवढी महिन्याभरात बोलली नव्हती.

एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको. मला हे पटत नाही. रोजच्या सूचना मी इंग्रजीतच देते, कानावर पडलं पाहिजे हे खरंच आहे. पण अर्थ पोटात उतरायला मुलाची स्वतःची भाषा लागते, ती दाराबाहेर चपलांसारखी काढून ये म्हणायचं कशाला?

उच्चारांचं तेच. आपल्याकडे एकच व, त्यांच्याकडे दोन. मी पर्समधला छोटा आरसा बाकावर फिरवते, 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात की नाही बघा, 'वन' म्हणताना ओठ गोल होतात. मोठमोठी पोरं लाजत लाजत बघतात, पण बघतात.

कविता मात्र फार अवघड जाते. पेपरात रसग्रहण येतं, त्यामुळे यमक कुठलं, अलंकार कुठला हे पोरं पाठ करून टाकतात आणि कविता न वाचताच राहते. म्हणून मी परीक्षेत नसलेली कविता पण आणते. अरुण कोलटकर सांगते. हा माणूस मराठीतही लिहायचा आणि इंग्रजीतही, इथेच, आपल्या काळा घोड्याला बसायचा. 'जेजुरी' त्याने इंग्रजीत लिहिलं, 1976 ला आलं, पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. "आपल्या खंडोबावर? इंग्रजीत?" पोरांचा विश्वास बसत नाही. वर्गात कितीतरी जणांचं कुलदैवत तेच, देव्हाऱ्यात टाक आहेत, लग्नानंतर जागरण-गोंधळ असतोच.

मग मी म्हटलं, तुम्ही जेजुरीला गेलात तर काय दिसतं ते चार ओळींत इंग्रजीत लिहा. पायऱ्या जमल्या, दीपमाळेला थोडं अडलं, आणि भंडाऱ्यापाशी सगळे थांबले. एकाने लिहिलं 'टर्मरिक पावडर'. शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "बाई, असं लिहिलं तर भाजीत टाकायची हळद वाटते." बराच वेळ वाद झाला. शेवटी फळ्यावर रोमन अक्षरांत 'भंडारा' असंच लिहिलं, आणि पेन्सिलवाल्या मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. त्या एका शब्दाच्या डोक्यावर तिने काहीच लिहिलं नाही.