फोटोशॉप की गिम्प? आधी सांगा, तुमची फाईल पुढे कोण उघडणार

नमस्कार मंडळी. महिनाभर कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, फोटोशॉपचे दर महिन्याला पैसे भरू की गिम्प शिकू?" काल एका ताईंनी तर सरळ लिहिलं, "फिरवून सांगू नका, एक नाव सांगा." ताई, नाव सांगतो, पण त्याआधी मला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी. मी मिरजेत लग्नाचे फोटो काढतो, अल्बम बनवतो, त्यामुळे माझं बोलणं त्याच कामातून येणार.

जुजबी माहिती पटकन उरकतो. फोटोशॉप हे फोटोत बदल आणि जोडकाम करायचं सॉफ्टवेअर, लाइटरूम हे ढीगभर फोटोंचे रंग-उजेड सुधारायचं. दोन्ही विकतची. फोटोशॉप 1990 पासून आहे. 2012 ची सीएस6 ही त्याची एकदाच पैसे मोजून कायमची घेता येणारी शेवटची आवृत्ती, 2013 पासून नवं फोटोशॉप भाड्यानंच. दुसरीकडे गिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी, क्रिता. ही ओपन सोर्स, म्हणजे यांचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. गिम्प हे फोटोशॉपच्या जागचं, डार्कटेबल हे लाइटरूमच्या जागचं. एवढं पुरे.

फक्त एक सांगतो, कारण यावरून फार गैरसमज आहेत. गिम्प कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची फाईल, स्वतः उघडत नाही. ते काम डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतं. लोक गिम्प उतरवून घेतात, त्यात रॉ टाकतात, ती उघडत नाही आणि मला लिहितात, "बेकार आहे." मित्रांनो, दोन्ही टाका. आणि डार्कटेबलमध्ये पहिली रॉ उघडली की फोटो फिका, मेल्यासारखा दिसेल. घाबरू नका. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो तो कंपनीनं रंग, कॉन्ट्रास्ट चढवलेला जेपीईजी असतो, इथं तुम्हाला कच्चा माल दिलाय. मला स्वतःला त्याची सवय व्हायला दोन लग्नं लागली.

आता "फुकट"वर येतो, कारण फुकट आणि ओपन सोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो बघायचं, सुधारायचं पिकासा आठवतंय? प्रत्येक स्टुडिओत होतं. फुकट होतं, पण कोड गूगलकडे. 2016 मध्ये त्यांनी बंद केलं, संपला विषय. निक कलेक्शन हा फोटो फिल्टरचा संचही 2016 मध्ये फुकट झाला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला विकला गेला आणि पुन्हा पैशांचा झाला. सध्या फोटो एडिटिंगसाठी सगळे अ‍ॅफिनिटीचं नाव घेतायत. 2024 मध्ये ते कॅनव्हा या डिझाइन कंपनीनं घेतलं, 2025 च्या ऑक्टोबरपासून फुकट केलं. चांगलं आहे, जरूर वापरा. पण कोड त्यांचा आहे आणि निर्णयही त्यांचाच. गिम्पचं तसं नाही. 1996 पासून ते लोकांच्या हातात आहे. आजचे सगळे प्रोग्रॅमर उद्या सोडून गेले तरी दुसरं कुणीतरी ते पुढे नेऊ शकतं. वेग मात्र कमी, हेही खरं. त्याची 2.10 ही आवृत्ती आली 2018 मध्ये आणि 3.0 यायला 2025 चा मार्च उजाडला. त्याच 3.0 मध्ये फिल्टर लावल्यानंतर परत जाऊन बदलायची सोय झाली. आधी कर्व्ह, म्हणजे उजेड-कॉन्ट्रास्टचा बदल, लावला की तो फोटोत कायमचा मुरायचा.

आता ती एक गोष्ट. कागदावर लिहून भिंतीला लावा: माझी फाईल पुढे कोण उघडणार? कुठलं सॉफ्टवेअर भारी, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिली बाजू: प्रिंट काढणारी लॅब. तुम्ही फोटो काढता, नीट करता आणि लॅबला जेपीईजी पाठवता. लॅबवाल्याला तुमच्याकडून तयार चित्र हवं असतं, ते कशात बनवलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फक्त एक्स्पोर्ट करताना रंगाचं प्रोफाईल, म्हणजे फाईलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती, एसआरजीबी ठेवा आणि प्रोफाईल फाईलमध्ये जोडलंय का ते बघा.

(स्क्रीनवर दोन प्रिंट शेजारी शेजारी)

हा शालू बघा. डावीकडे लाल, उजवीकडे विटकरी. फोटो एक, प्रिंटर एक, कागदही एकच. उजवीकडची फाईल अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या प्रोफाईलमध्ये होती आणि प्रोफाईल जोडलेलंच नव्हतं. मशीननं ती एसआरजीबी समजून छापली, रंग फिके पडले. ही चूक फोटोशॉपमध्येही होते, गिम्पमध्येही होते. तेव्हा काम जेपीईजीवर संपत असेल तर डार्कटेबल आणि गिम्पमध्ये तुमचं काहीही अडत नाही. महिन्याचे पैसे वाचवा आणि चांगल्या मॉनिटरवर घाला.

दुसरी बाजू: डिझायनर. इथं माझं मत उलटं होतं. तुम्ही करिझ्मा अल्बमचं, म्हणजे अख्ख्या पानावर फोटो जुळवून छापलेल्या अल्बमचं, काम घेता, शीट 12 बाय 36 इंचांची, इंचाला 300 ठिपके (डीपीआय) धरून म्हणजे 3600 बाय 10800 पिक्सेल. टेम्प्लेट सगळी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाईल. डिझायनर फोटोशॉपवर बसलाय, तो तुम्हाला लेयर असलेली, म्हणजे एकावर एक सुटे थर ठेवलेली, फाईल पाठवतो, तुम्ही बदल करून परत पाठवायची. गिम्प पीएसडी उघडतं, हो. पण स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो जसाच्या तसा आत ठेवणारा लेयर), अ‍ॅडजस्टमेंट लेयर (फोटोला हात न लावता वरून रंग बदलणारा) हे सगळं जसंच्या तसं येईल याची खात्री नाही. तुम्ही परत पाठवलेल्या फाईलमध्ये डिझायनरला काय मिळेल, याचा भरवसा देता येत नाही. रोज फाईल अशी इकडून तिकडे जात असेल तर फोटोशॉपच घ्या. हट्ट धरून दुसऱ्या माणसाचं काम वाढवू नका.

याच बाजूला मराठी अक्षरांचा विषय येतो, आणि तो माझ्या अगदी जवळचा आहे. शीटवर नवरीचं नाव लिहायचंय, ऐश्वर्या. जुन्या फोटोशॉपमध्ये "श्व" फुटायचा, पाय मोडलेला "श्" आणि शेजारी अख्खा "व". रफार भलतीकडे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर. टाईपच्या प्रेफरन्समध्ये जाऊन मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडायचं, मग नवीन फाईल घ्यायची, तेव्हा कुठे जोडाक्षर जुळायचं. अनेकांना हे माहीतच नव्हतं, म्हणून गावोगावच्या फ्लेक्सवर मोडकी नावं दिसायची. गिम्पमध्ये युनिकोड फाँट घेऊन टाईप करा, जोडाक्षर आपोआप बसतं, कारण ते अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाचा खुला कोड वापरतं. बरेच फ्लेक्सवाले मात्र अजून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फाँट वापरतात. ते युनिकोड नाहीत, आत इंग्रजी कळांवर मराठी आकार बसवलेले असतात. पुढच्याकडे तो फाँट नसला की ऐश्वर्याच्या जागी इंग्रजी कचरा. बघा, प्रश्न परत तोच आला, पुढे कोण उघडणार?

मध्येच एक राग व्यक्त करतो. प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट असते, "दादा, क्रॅकची लिंक द्या." क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत. नाही देणार. आपल्याकडे विकतचं की ओपन सोर्स हा वाद मुळात होतच नाही, कारण बरेच जण मधला चोरीचा रस्ता धरतात आणि मग म्हणतात गिम्पची गरज काय. क्रॅकच्या सूचनांमध्ये पहिली ओळ असते, "अँटीव्हायरस बंद करा." ज्या कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नाचे एकुलते एक फोटो आहेत, त्याचं दार तुम्ही हातानं उघडताय! शिवाय कॉपीराईट कायद्याचं कलम 63ब वाचा. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. पैसे नसतील तर गिम्प समोर आहे, राजरोस वापरा.

तिसरी बाजू: तुम्ही स्वतः, पाच-दहा वर्षांनी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चातुर्मास होता. आषाढी झाली की आमच्याकडे लग्नं थांबतात, तुळशीचं लग्न लागेपर्यंत हातात काम नसतं. भाडं मात्र दर महिन्याला. म्हणून मी तेव्हा वापरत होतो त्या सॉफ्टवेअरचं भाडं थांबवलं. श्रावणात एका काकूंचा फोन आला. काका गेले होते. लेकीच्या लग्नातल्या अल्बममध्ये दोघांचा एक फोटो होता, त्यातली शेजारची माणसं काढून, फक्त दोघं, मोठी फ्रेम हवी होती, तेराव्याच्या आत. मूळ फोटोंची हार्ड डिस्क आधीच गेली होती. माझ्याकडे उरली होती एक लेयर असलेली शीट. ती घरच्या कॉम्प्युटरवर फुकटच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर काकांच्या चेहऱ्यावरचं रीटचिंग निम्मं गायब, फोटो कापलेला. शेवटी रात्री एक महिन्याचे पैसे भरले, फाईल उघडली, फ्रेम वेळेत दिली. चूक माझीच होती. शीट झाली त्याच दिवशी तिची सपाट टिफ, म्हणजे सगळे लेयर एकत्र केलेली फाईल, काढून ठेवली असती तर ती कशातही उघडली असती.

तेव्हापासून माझा नियम आहे. शीट लॅबला गेली की त्याच फोल्डरमध्ये एक सपाट टिफ आणि मूळ रॉ, दोन डिस्कवर. लाइटरूमवाल्यांनीही हे ध्यानात ठेवा. लाइटरूम क्लासिकचं भाडं थांबलं तर फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारायचा भाग, बंद होतो. तुमची सगळी एडिटिंग लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, राहते, ती डार्कटेबलमध्ये हुबेहूब नेता येत नाही. डार्कटेबलही आपलं काम प्रत्येक फोटोशेजारी छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये लिहितं. ती दुसरीकडे तशीच चालत नाही, पण डार्कटेबल उघडायला कुणाचं भाडं लागत नाही. म्हणजे अडकणं दोन्हीकडे आहे, पण एका दाराची किल्ली आपल्याच खिशात राहते.

ऑफसेटला, म्हणजे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला वगैरे काम जाणार असेल, तर गिम्पमध्ये काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांतच चालतं, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं रूप, फाईल बाहेर काढताना होतं. प्रेसवाल्याशी आधी बोला, त्याला काय चालतं ते विचारा.

तर ताई, तुम्हाला हवं होतं ते सॉफ्टवेअरचं नाव. तुम्ही लिहिलंय, घरगुती बारशी आणि डोहाळेजेवणाचे फोटो काढता आणि जेपीईजी देता. तुमच्यासाठी डार्कटेबल आणि गिम्प. कॅमेरा नवा असेल तर आधी डार्कटेबलच्या साईटवर त्याचं मॉडेल यादीत आहे का बघा, नव्या मॉडेलला वेळ लागतो. मग एक जुनं बारसं घ्या, पहिल्या रॉपासून शेवटच्या जेपीईजीपर्यंत त्यातच करा, आणि दोन प्रिंट तुमच्या नेहमीच्या लॅबमधून काढा. बाळाच्या गालाचा रंग जमलाय की नाही, ते कमेंटमध्ये लिहा. नसेल जमला तर एक्स्पोर्टच्या खिडकीचा फोटो टाका, मी प्रोफाईल बघून सांगतो.