बर्ड्सव्हिल ते मारी: अंतर एक, वेळा अनेक

[धावपट्टी, समोर हॉटेल]

विमान उभं करायचं आणि चालत समोरच्या हॉटेलात जेवायला जायचं. बर्ड्सव्हिलमध्ये हे रोजचंच. हॉटेल १८८४ सालचं. शंभरेक वस्तीचं हे गाव ब्रिस्बेनपासून सुमारे १,६०० किलोमीटर आत, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या अगदी कडेला. आपल्याला जायचंय दक्षिणेला, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या मारी या त्याहूनही लहान गावात.

हवाई अंतर साधारण ४३५ किलोमीटर. ताशी अडीचशेच्या वेगाने जाणाऱ्या छोट्या सेसना विमानाला पावणेदोन तास पुरतात. समोरून ताशी पन्नासचा वारा लागला, की तेच सव्वादोन तासांच्या आसपास जातं.

[वरून दिसणारा कच्चा रस्ता]

खाली दिसतोय तो बर्ड्सव्हिल ट्रॅक, ५१७ किलोमीटर. एका बाजूला सिम्पसन वाळवंटाचे लाल वाळूचे डोंगर, दुसरीकडे नजर पोचेल तिथवर दगडगोटे. वाटेत पेट्रोल मिळतं ते एकाच ठिकाणी, मंगरेनीला, आणि तेही मारीपासून दोनशे किलोमीटरवर. १९६३च्या डिसेंबरात या भागात एका गाडीतलं पेट्रोल संपलं. गाडीतलं पाच जणांचं कुटुंब पाण्यावाचून गेलं.

ही वाट मुळात गुरांची. क्वीन्सलँडची जनावरं मारीच्या रेल्वे स्थानकापर्यंत हाकत आणायची, दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर. वजन घटू द्यायचं नाही, म्हणून घाई करायची नाही. या चालीने महिन्याहून जास्त लागायचा. वाटेत पाणी हवं म्हणून सरकारने जागोजागी खोल विंधणविहिरी खोदल्या; काहींचं पाणी इतकं कढत की जनावरांना पाजण्याआधी ते निववावं लागे. मारीत उंटांचे तांडे घेऊन आलेली माणसंही स्थायिक झाली. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले बरेच ब्रिटिश हिंदुस्थानातले होते.

१९३६पासून टॉम क्रूझ नावाचा टपालवाला याच वाटेने ट्रक हाकायचा. पत्रं, पिठाची पोती, इंधन, अधूनमधून प्रवासीसुद्धा. वाळूत चाक रुतलं की लोखंडी पत्रे अंथरायचे, ट्रक पुढे काढायचा, पत्रे उचलायचे, पुन्हा पुढे अंथरायचे. अशा वाटेवर ताशी किती किलोमीटर, हे विचारण्यात काय अर्थ?

[कूपर क्रीक, पूर]

वाळूपेक्षा हट्टी म्हणजे वाटेत आडवी येणारी नदी, कूपर क्रीक. एरवी कोरडी ठणठणीत. दूर क्वीन्सलँडात पाऊस पडतो आणि कित्येक आठवड्यांनी, इथे आभाळ निरभ्र असताना, पाणी येऊन ठेपतं. मग गाड्या तराफ्यावरून पलीकडे न्यायच्या. ट्रॅक बंद जाहीर झालेला असताना गाडी घातली, तर दंड. विमान मात्र वरून निघून जातं. पण मातीची धावपट्टी भिजली असेल, तर तेही अडतं.

[दोन घड्याळं]

आता घड्याळ. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर, साउथ ऑस्ट्रेलिया क्वीन्सलँडच्या अर्धा तास मागे असतं. बर्ड्सव्हिलहून नऊला निघालात, तर मारीत सव्वादहा वाजलेले असतात. ऑक्टोबर ते एप्रिल साउथ ऑस्ट्रेलियात घड्याळ तासभर पुढे करतात, क्वीन्सलँडमध्ये नाही. तेव्हा तेच विमान सव्वाअकराला पोचतं. मारीच्या धावपट्टीवर कुणी न्यायला येणार असेल, तर कुठल्या गावची वेळ सांगताय ते आधी नक्की करा.