पांढरी भिंत आणि शहराची हवा

(दृश्य : रोमचं तोर त्रे तेस्ते उपनगर. निवासी इमारतींच्या मधोमध पांढरंशुभ्र चर्च.)

रोमच्या पूर्वेकडच्या या वस्तीत प्राचीन अवशेष बघायला येणारे पर्यटक फारसे फिरकत नाहीत. इथं येतात ते हे चर्च पाहायला. वाऱ्यानं फुगलेल्या शिडांसारख्या त्याच्या तीन उंच, वक्र भिंती. आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकार रिचर्ड मायर यांचा. २००३ मध्ये चर्च खुलं झालं.

मायर यांना भिंती पांढऱ्या हव्या होत्या आणि त्या तशाच राहायला हव्या होत्या. गाड्यांच्या धुरात काँक्रीट काही वर्षांत काळवंडतं. त्यावर इटालचेमेंती या सिमेंट कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी उपाय काढला : सिमेंटमध्येच टायटॅनियम डायऑक्साइड मिसळायचं. घराच्या पांढऱ्या रंगातही हेच द्रव्य असतं. मात्र इथं त्याचं ॲनाटेज हे रूप वापरलं. प्रकाश पडला की ते जागं होतं.

(दृश्य : भिंतीवर सरकणारं ऊन. पडद्यावर रेणूंची आकृती.)

या द्रव्याची ही ताकद जगापुढे ठळकपणे आली ती १९७२ मध्ये, जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांच्या शोधनिबंधातून. उन्हातले अतिनील किरण पडले की पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सुटे होतात. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन यांच्याशी त्यांची क्रिया होऊन अत्यंत चपळ, क्षणभंगुर रेणू तयार होतात. भिंतीवर चिकटलेली सेंद्रिय काजळी ते तोडतात. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं ते नायट्रेट करतात, आणि पाऊस ते धुऊन नेतो. टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः खर्च होत नाही.

भिंत स्वच्छ ठेवण्यासाठी केलेली ही युक्ती. पण ती हवाही स्वच्छ करते, हे लक्षात येताच कल्पनेला पंख फुटले. मेक्सिको सिटीत एका रुग्णालयाच्या दर्शनी भागावर याच द्रव्याचा लेप दिलेली जाळी बसली. २०१५ च्या मिलान प्रदर्शनात इटलीचं दालन याच प्रकारच्या सिमेंटनं सजलं. ‘धूर खाणाऱ्या इमारती’ असे मथळे झळकले. इतकं सुंदर स्वप्न कुणाला नको असेल?

(दृश्य : ब्रुसेल्स. बोगद्यातून धावणाऱ्या गाड्या.)

ब्रुसेल्सच्या लिओपोल्ड दुसरा बोगद्यात युरोपीय शास्त्रज्ञांनी हे स्वप्न तपासलं. बोगद्याच्या एका भागात भिंतींना आणि छताला लेप दिला, अतिनील दिवे लावले आणि आतल्या हवेतले नायट्रोजन ऑक्साइड मोजले. प्रयोगशाळेत चोख काम करणाऱ्या या लेपानं इथं हवेत मोजता येण्याजोगा फरक पाडला नाही. घट झालीच असेल, तर ती २ टक्क्यांच्या आत.

कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत हवा छोट्या पेटीतून लेपाला घासून जाते. रस्त्यावर ती मोकळी वाहते. धुराचा फार थोडा भाग भिंतीपर्यंत पोचतो, आणि जो पोचत नाही त्याला लेप काही करू शकत नाही. शिवाय बोगद्याच्या दाट धुरात लेपाची ताकदच मंदावली. उघड्यावर तरी काय, सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के, आणि रात्री तोही नाही. काही लेपांतून तर फॉर्मल्डिहाइडसारखी नकोशी द्रव्यं बाहेर पडू शकतात. ब्रिटन सरकारच्या तज्ज्ञगटानंही २०१६ मध्ये सांगितलं, की असे लेप सर्रास वापरल्यानं शहराच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड कमी होईल याला फारसा पुरावा नाही.

म्हणून हे संशोधन वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. भिंतीवरची काजळी कमी होणं हासुद्धा खरा फायदा आहे : धुण्याचा, पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. पण त्या फायद्याला शहराची फुप्फुसं म्हणू नये. मुंबई-पुण्यात तर मोठी चिंता हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची, बांधकामाच्या आणि रस्त्याच्या धुळीची. त्यावर हा लेप चालत नाही.

(दृश्य : उड्डाणपुलाखालचा बसथांबा, सकाळची गर्दी.)

उद्या आपल्या पुलाच्या खांबांना असा लेप देण्याचा प्रस्ताव आला, तर पेटीतले आकडे पुरेसे मानू नयेत. बसची वाट पाहणारा माणूस जिथं श्वास घेतो, त्या उंचीवर लेपाआधी आणि लेपानंतर वर्षभर हवा मोजावी, शेजारी लेप न दिलेला थांबाही मोजावा, आणि दोन्हीकडचे आकडे लोकांसमोर ठेवावेत.